पलीकडची दोरी

हबीब पिंजारी गच्चीवर जुन्या गादीची रुई मोकळी करत बसला होता, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हवेत एक काळा कोळी येऊन थांबला. ना जाळं, ना भिंत. चार हातांवर चार भिंगऱ्या, पोटात अख्खं मोहोळ गिळल्यासारखी घुमघुम, आणि मधोमध काचेचा एकच डोळा. हबीबनं आयुष्यात पुष्कळ काही बघितलं होतं, निदान लोकांना तरी तसं सांगितलं होतं. बाभुळगावच्या बाजारात स्वतःचा भाव स्वतःच करणारा बोकड, कापसाच्या गंजीत हिवाळाभर झोपून उन्हाळ्यात जांभई देत बाहेर आलेला हमाल, आणि एकदा तर मारेगावच्या रस्त्यावर स्वतःच्याच मयतीला घाईघाईनं निघालेला माणूस. पण हे सगळं त्यानं सांगितलेलं होतं, आणि आपण सांगितलेल्या गोष्टीची आपल्याला भीती वाटत नाही. हा कोळी न सांगता आला होता. खाली मोकळ्या जागेत टोपीवाला एक माणूस गळ्यात डबी अडकवून वर बघत उभा होता. म्हणजे यंत्र होतं, हे हबीबला कळलं. तरी छातीत रुईचा पुंजका अडकावा तसं झालं ते झालंच. कारण ते यंत्र त्याच्याकडे बघत होतं हे नव्हतं. ते नेमकं अशा जागी लटकलं होतं की त्याच्यामागची पलीकडच्या गच्चीवरची दोरी दिसेनाशी झाली होती. मग यंत्र सरकलं आणि दोरी पुन्हा दिसली. पण एकदा झाकलेली वस्तू पुन्हा उघडी झाली तरी पहिल्यासारखी उघडी राहत नाही. ती कधीही झाकली जाऊ शकते हे तोवर कळलेलं असतं.

समोरचं वावर आता नावालाच वावर होतं. हबीबनं लोहाऱ्यात घर बांधलं तेव्हा तिथं कापूस उभा असे आणि वारं सुटलं की फुटलेल्या बोंडांतले धागे त्याच्या गच्चीवर उडत येत. घरबसल्या माल येतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पुढे तूर आली, मग काहीच आलं नाही. बाभळी, गाजरगवत आणि मालक बदलल्याच्या बातम्या तेवढ्या येत राहिल्या. त्या वावरापलीकडे एकाच ठेकेदारानं बांधलेल्या घरांची ओळ होती, इकडे पाठ करून उभी. त्यातल्या एका गच्चीवर निळी टाकी होती. टाकीपासून लोखंडी सळीपर्यंत एक दोरी होती, आणि ती दोरी हे हबीबचं रोजचं वर्तमानपत्र होतं. ते घर त्याच्या मुलीचं होतं, अतियाचं. तो त्या गच्चीवर कधी गेला नव्हता. घर पुढून बघितलेलं, तेही लग्नाच्या गर्दीत एकदाच. मागून सगळी घरं सारखीच दिसत. पण त्याच्याकडे पुरावा होता. एका हिवाळ्यात सकाळी त्या दोरीवर लाल छिटाची रजई येऊन पडली, अंगभर पिवळ्या कैऱ्या असलेली, मधोमध दुमडून, कडा वाऱ्याच्या दिशेला ठेवून, अगदी पिंजाऱ्याच्या घरात घालतात तशी. ते छीट हबीबनं अतियाच्या लग्नासाठी स्वतः निवडून आणलं होतं. माणसाला आरशात आपला चेहरा एखादे वेळी परका वाटेल, पण पिंजाऱ्याला आपली रजई कधी परकी वाटायची नाही. त्या सकाळपासून त्याचं वाचन सुरू झालं. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला होता आणि दुसरा त्यानं, त्याच्याच शब्दांत, अडीअडचणीला राखून ठेवला होता. त्यामुळे अक्षरं जरा पुसट होती. पण रंग कळत आणि आकार कळे. निळे शर्ट शाहिदचे, कारण जावई मोटारी दुरुस्त करायचा आणि कारखान्यांच्या बाजूला ज्याच्या-त्याच्या अंगावर निळाच शर्ट. साडी तिच्या सासूची. मग एका पावसाळ्यात दोरीच्या टोकाला वीतभर कापडं लटकली, आणि पुढे पुढे त्यांच्या चड्ड्या झाल्या. त्याच सुमारास घरात फडताळावर पेढ्यांचा डबा दिसला होता. कुणी काही बोललं नाही, त्यानं विचारलं नाही. एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नातू झाला होता. त्या हिवाळ्यात त्यानं सगळ्यात मऊ रुई वेगळी काढून एक चिमुकली रजई शिवली आणि पेटीत, बापाच्या पिंजणीच्या कमानीखाली, दाबून ठेवली. तिथून ती कधी बाहेर काढायची, याचा विचार त्यानं केला नव्हता.

विचारायचं नाही हे त्यानंच ठरवलेलं होतं. अतियाच्या लग्नात त्यानं गादी, दोन रजया आणि चार उशा असं सगळं आपल्या हातानं केलं होतं. गादीला दाभणानं घातलेला एकेक टाका असा ओढला होता की वरून घोडा गेला असता तरी रुई सरकली नसती. वरात घरी पोचली, सामान उतरलं, आणि शाहिदच्या मोठ्या भावानं ती गादी कौतुकानं थोपटून शेजारच्या खोलीत उभी करून ठेवायला सांगितली. पलंगावर आधीच फोमची गादी पडलेली होती, शोरूममधली, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. ‘चाचा, आता रुईची गादी कोण वापरते जी?’ तो हसत म्हणाला होता. त्याच्या हसण्यात खोट नव्हती, तेच वाईट झालं. हबीबनं मुलीकडे बघितलं. ती या रुईच्या ढिगावर वाढलेली पोर. कमानीची तांत टणत्कार करायची तेव्हा पाळण्यात हसायची, पुढे पिंजलेल्या रुईत गळ्यापर्यंत पुरून घेऊन गोष्टी ऐकायची. ती आता बोलेल, असं त्याला वाटलं. आणि ती बोललीही. म्हणाली, ‘अब्बा, फोम हलका पडते न झटकाले.’ बस, एवढंच. भांडण नाही, अपमान नाही. हबीबनं तिथल्या तिथे, भरल्या घरात, हात वर करून सांगून टाकलं की ज्या घरात फोम आहे त्या घरात हबीब पिंजारी पाणी पिणार नाही. लोक हसले. त्यांना वाटलं, हबीबभाई आहे, सांगून राह्यला काहीतरी. आयुष्यभर थापा मारणाऱ्याची हीच अडचण असते. एकदा खरं बोलला की कुणी अडवत नाही. त्याला कुणी अडवलं असतं तर तो थांबला असता. कुणी अडवलं नाही, म्हणून शब्द पाळावा लागला, आणि वावराच्या दोन्ही बाजूंना दोन घरं राहून गेली.

आणि आता दिवाळीपासून दोरीवर निळे शर्ट नव्हते. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, गावाला गेला असेल. मग वाटलं, नोकरी बदलली असेल, रंग बदलला असेल. पण दुसऱ्याही रंगाचा शर्ट आला नाही. बायकी गाऊन, म्हातारीची साडी आणि पोराच्या चड्ड्या, त्याही लांब लांब टांगलेल्या. बरीचशी दोरी मोकळीच राहायची. दोरीला गर्दीची सवय असली की मोकळी दोरी दात पडलेल्या तोंडासारखी दिसते. हबीबच्या डोक्यात गोष्टी तयार होऊ लागल्या. तो त्यातच मुरलेला माणूस, त्यामुळे गोष्टी अर्धवट येत नसत, सुरुवात-मध्य-शेवट घेऊन येत. शाहिद मोटारीखाली चेपला. शाहिद आखाती देशात गेला आणि तिकडचाच झाला. शाहिदनं तिला सोडलं आणि ती बापाकडे येऊ शकत नाही, कारण बापानं हात वर करून काहीतरी सांगितलं होतं. जेवायला बसला की प्रश्न घशापर्यंत येई. ‘जुबैदा,’ तो म्हणे, आणि जुबैदा, त्याची बायको, हातातली भाकरी तशीच धरून त्याच्याकडे बघे. मग तो म्हणे, ‘नमक कम है.’ ती निमूट मीठ पुढे करी. तिला सगळं माहीत असणार, याची त्याला खात्री होती. घरात फोन एकच होता आणि तो त्याच्याच बंडीच्या खिशात असे, पण बायकांना बातम्या कुठून कळतात हे कुठल्या पुरुषाला सापडलंय? तिचं आपलं आपल्या कामात चालू असे. गेली काही वर्षं तिला एकच वेड होतं. त्याची एक जुनी हिरवी लुंगी होती, मांडीवर हातभर फाटलेली. त्यानं ती केव्हाच नेसायची सोडली होती, पण जुबैदा ती रोज पिळून गच्चीच्या कठड्यावर, नेमकी वावराच्या बाजूला, वाळत घालायची. ‘अगे, जो चीज पेनता नहीं उसको धोती कायकू?’ त्यानं एकदा विचारलं. ‘मेरी मर्जी,’ ती म्हणाली. म्हातारपणी बायकांचं असंच होतं, अशी हबीबनं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

कोळी उडून गेला त्याच दुपारी पंजाबराव आले. हे एसटीत कंडक्टर होते. आता रिटायर होऊन वस्तीच्या भानगडींना तिकिटं फाडत असत. जिना चढून आले ते धापा टाकतच बोलू लागले.

‘पाह्यलं काय जी हबीबभाई? सात मजली होऊन राह्यली!’

‘काय होऊन राह्यली?’

‘बिल्डिंग, बाप्पा! फ्लॅटची! ते उडतं कॅमेऱ्याचं नाई आलतं काय सकाळी? सातव्या मजल्यावरून कसं दिसन त्याचा फोटो काढून राह्यले. आपल्या बायका गच्चीवर पापड घालतेत, उन्हाळ्यात आपण चड्डीवर झोपतो वर, अन् ते लोक बाल्कनीत चहा पीत पाह्यतीन. आन पाणी? आपला बोअर आताच गुळण्या टाकून राह्यला, मे महिन्यात टँकरमागं बादल्या घेऊन पळा लागते. सात मजल्याचे लोक खालून ओढाले लागले तं आपल्या नळातून नुसता आवाज येईन. सांडपाणी सोडतीन ते वेगळं. आपण इरोध करणार हाओत. मंगळवारी त्याइनंच बलावलं सगळ्याइले, इकडच्याइले अन् तिकडच्याइलेबी. तुम्ही बोला लागते.’

‘तिकडचे लोकबी येतीन?’

‘येतीन न. त्याइलेबी तेच दुखणं हाय.’

‘मंग मी येतो,’ हबीब म्हणाला, आणि पंजाबरावांना वाटलं, माणूस पाण्यासाठी पेटला.

पाण्याचं त्याला वाटत नव्हतं असं नाही. पण रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढे जी भिंत चढत होती तिला नळ नव्हते, बाल्कन्या नव्हत्या. ती फोमची होती. हात लावला की आत जायची आणि काढला की होती तशी उभी राहायची. तिच्यापलीकडे कुठेतरी एक दोरी होती आणि दोरीवर काय आहे ते कळत नव्हतं. निळा शर्ट परत आला असेल तरी आता कळणार नाही, हे सगळ्यात वाईट होतं. वाईट बातमी भिंत फोडूनही येते. चांगली बातमी बिचारी दोरीवर वाळत राहते आणि कुणी बघितली नाही तर घडी होऊन आत जाते.

मंगळवारी वावरातलं गवत कापून तिथं मांडव घातला होता. खुर्च्या, मोठ्या भोंग्याचा माईक, कढईत जिलेबी. बिल्डरनं पाठवलेला माणूस नागपूरचा होता, बोलायला गोड, पायांत पांढरे बूट. त्यानं एका फळ्यावर इमारतीचं चित्र टांगलं होतं. चित्रात झाडं होती, कारंजं होतं आणि कुठल्याच गच्चीवर एकही कपडा वाळत नव्हता. पंजाबरावांनी पाण्याचं मांडलं, चांगलं मांडलं. आधी पाण्याची वेगळी लाइन आणा, इथं एकही बोअर पाडायचा नाही, मगच पाया खणा, यावर दोन्हीकडची माणसं एका आवाजात ओरडली. बायकांनी गच्च्यांचं काढलं. मग माईक हबीबच्या हातात आला. त्यानं पलीकडच्या बाजूच्या गर्दीवरून नजर फिरवली, तर सगळी डोकी आणि दुपट्टे नुसते एकमेकांत मिसळलेले. माईकमध्ये खाकरून तो म्हणाला,

‘साहेब, तुम्ही बांधा. माझं काई म्हणणं नाई. फकत एक सांगतो. या जाग्यावर पह्यले विहीर होती, बिनबुडाची. माझ्या आज्याच्या वक्तात कापसाची भरली गाडी धसली तिच्यात, बैलाइसकट. गाडीवाला रडू रडू बेजार. तं आठ दिवसानं बाभुळगावहून सांगावा आला, का बाप्पा, तुमची गाडी आमच्या विहिरीतून निघाली, घेऊन जा. जाऊन पाह्यते तं काय, कापूस कोरडा ठणठणीत, अन् बैल रवंथ करून राह्यले. आता तुमची सात मजली बाभुळगावले निघाली तं तिथल्या लोकाइनं कोठं जा?’

मांडव हसला. नागपूरचा माणूसही हसला. ‘चाचा, आम्ही माती तपासली आहे. खाली नुसता काळा पाषाण आहे.’

‘पाषाणातून गेली म्हंता?’ हबीबनं डोळे मोठे केले. ‘मंग तं अजूनच मोठं नवल झालं!’

आणि त्या हशात, बायकांच्या बाजूनं, कुणीतरी म्हणालं, ‘अन् घुंगराइचं सांगा न. दोन बैलाइचे घुंगरं एकाच बैलाच्या गळ्यात निघाले होते.’

हबीबच्या हातातला माईक कुईं करून ओरडला. घुंगरं तो विसरला होता. साफ विसरला होता. कितीतरी वर्षांपूर्वी रुईच्या ढिगात पुरलेल्या एका पोरीनं विचारलं होतं, मग दुसऱ्या बैलाचे घुंगरू कुठं गेले, आणि त्यानं सांगितलं होतं, दुसरा बैल पुढे चालत होता न, त्याले वाट ऐकू याले पाह्यजे म्हणून त्यानं आपले घुंगरू मागच्याले देल्ले. ही गोष्ट दुनियेत दोघांनाच ठाऊक होती. हशा ओसरला, माईक कुणीतरी काढून घेतला, पंजाबरावांनी पुन्हा पाणी धरलं. तोवर हबीब खुर्च्यांमधून वाट काढत, एकाच्या पायावर आणि एकाच्या जिलेबीवर पाय देत, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला होता. ती जराशी भरली होती. हनुवटी आता जुबैदाची झाली होती. पुष्कळ बोलायला हवं होतं, त्याच्या डोक्यात तर त्याची सुरुवात-मध्य-शेवट तयार होती. पण तोंडातून आला तो नुसता घशातला जुना प्रश्न.

‘शाहिद कोठं हाय?’

‘ते काय, कढईजवळ,’ अतिया म्हणाली. ‘जिलेबी दिसली का त्याइले काई दिसत नाई.’

खरंच होता. बोटं चाटत उभा होता, चांगला गुटगुटीत. कुठल्याही मोटारीखाली सहज मावला नसता. हबीबनं त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. जावयाकडे असं बघावं लागेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

‘मंग त्याचे निळे शर्ट? दिवाळीपासून दोरीवर नाईत.’

‘कोणत्या दोरीवर?’

‘तुह्या. गच्चीवरच्या. निळ्या टाकीच्या.’

अतियानं त्याच्याकडे बघितलं, मग वावरापलीकडच्या घरांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. ‘अब्बा, त्याइनं जिंदगीत निळा शर्ट घातला नाई. निळी टाकी रुपीबाईची हाय. आमचं बाजूचं, गच्चीवर टिनाचं छप्पर टाकलं हाय न, ते. आमच्या वर दोरीच नाई, कपडे समोरच्या अंगणात घालतो आम्ही. निळे शर्ट त्याइच्या पोराचे, ओमचे. त्याची कंपनी बंद पडली, तं पुण्याकडे गेला कामाले. त्याची बायको संगीता रोज रडून राह्यली.’

‘अन् ती रजई? लाल छीट, पिवळ्या कैऱ्या?’

विचारता विचारताच त्याला ती दुकानात येऊन बसलेली बाई आठवली. तांड्यावरून लोहाऱ्यात राहायला आलेल्या घरातली, हातभर बांगड्यांची. ताग्यातलं उरलेलं छीट तिनं स्वतः ओढून काढलं होतं आणि म्हणाली होती, याचीच शिवून द्या. उन्हात कशी घालायची, मधोमध कशी दुमडायची, कडा वाऱ्याला कशी ठेवायची, हे सगळं त्यानंच तिला करून दाखवलं होतं. त्यानं आपलीच रजई ओळखली होती. फक्त ती अर्ध्या लोहाऱ्याला शिवून दिली आहे, हे तो विसरला होता.

‘माही रजई मी घालते न अंगावर,’ अतिया म्हणत होती. ‘रोज. रुई गोळा होऊन राह्यली तिच्यातली. पिंजून पाह्यजे.’

‘अन् नातू?’

‘कोणता नातू? पोरगी हाय, कहकशां.’

‘मले मालूम होतं,’ हबीब म्हणाला.

घरी येताना तो चालत नव्हता, पिंजला जात होता. पोटात दिवाळीपासून बसलेल्या गाठी एकेक करून सुटत होत्या, आणि गाठ सुटली की रुई कशी हातात मावेनाशी होते, तसा जीव अंगात मावेनासा झाला होता. शाहिद जिवंत. अतिया भरलेली. कुणी कुणाला सोडलं नाही. त्यानं वाचलेलं सगळं वर्तमानपत्र खोटं होतं, आणि आपण एवढे चुकलो याचा माणसाला असा आनंद होऊ शकतो, हे त्याला या वयात पहिल्यांदा कळत होतं. जुबैदानं दार उघडलं. त्याचा चेहरा बघून ती सरळ भाकऱ्या टाकायला बसली. त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली आणि मीठ मागितलं नाही.

पण सकाळी गच्चीवर गेला आणि डोळे सवयीनं पलीकडे गेले. निळी टाकी, दोरी, लांब लांब टांगलेले कपडे. आता ती दोरी कुणाची तरी होती. एवढी वर्षं तो ज्या चड्ड्यांकडे बघून खूश झाला, ज्या मोकळ्या दोरीकडे बघून झुरला, त्या दुसऱ्याच घराच्या होत्या. त्याची भीती खोटी निघाली खरी, पण ती भीती ज्या दोरीवरून त्यानं उचलली होती तिथं ती अजून टांगलेलीच होती. संगीता रोज रडते म्हणे. हबीबनं डोळे बारीक केले. आज दोरीच्या मध्यावर एक शर्ट होता. निळा नव्हता. राखाडी, खिशावर लाल पट्टी असलेला, नवाच. कोण जाणे. मोतीबिंदूवाल्या डोळ्याचा काय भरवसा.

पेटीतून त्यानं चिमुकली रजई काढली, काखेत मारली, आणि वावराला वळसा घालून रस्त्यानं निघाला. रस्त्यात पंजाबराव भेटले. बिल्डरनं पाण्याचं कबूल केलं होतं, लाइन येईपर्यंत पाया खणणार नव्हते, म्हणजे येते दोन-तीन उन्हाळे तरी चिंता नव्हती. पंजाबराव खुशीत होते. हबीबला ते म्हणाले, तुमच्या बैलगाडीनं काम केलं जी! हबीब थांबला नाही. निळ्या टाकीचं घर पुढून हिरवं होतं. अंगणात रुपीबाई तांदूळ निवडत बसली होती, हातभर बांगड्या तशाच.

‘ओम आला काय बाई?’

‘पहाटंच उतरला, झोपून राह्यला. आठ दिसाची सुट्टी भेटली.’ मग तिचा हात सुपातच थांबला. ‘तुमाले कसं मालूम जी, चाचा? आमी तं अजून कोणाले सांगतलं नाई.’

‘तो उडता कोळी आलता न परवा,’ हबीब म्हणाला, ‘त्याले वरून सगळं दिसते.’ रुपीबाईनं आधी आभाळाकडे बघितलं आणि मग डोक्यावरून पदर घेतला. हबीब पुढे निघाला. त्याचा काही संबंध नव्हता, ओम त्याचा कुणी नव्हता. तरी उरलेली एक गाठ, जी कालपासून सुटत नव्हती, ती त्या अंगणासमोर आपोआप मोकळी झाली.

अतियाच्या घरी त्याला आतल्या खोलीत नेलं. पलंग होता. पलंगावर गादी होती. त्यानं तळवा टेकला आणि दाबला. हात आत गेला, काढला, गादी पुन्हा होती तशी. फोमच. अतिया पाण्याचा पेला घेऊन उभी होती, शाहिद दारात उभा होता, आणि एक बारकी पोरगी पलंगाच्या पायाला धरून त्याच्याकडे बघत होती. हबीबनं गादी पुन्हा दाबली, बाजूनं वाकून बघितली, बोटानं ठोकून बघितली, जशी तो गिऱ्हाइकाची जुनी गादी तपासायचा.

‘याले गादी कोण म्हंते?’ तो शेवटी म्हणाला. ‘गादीत रुई असते. हे तं लांबोडी खुर्ची हाय. खुर्चीवर बसून पाणी प्याले माही काई मनाई नाई.’

आणि तो बसला, आणि पाणी प्यायला, पेला उपडा होईपर्यंत. शाहिद हसू दाबायला बाहेर गेला. चिमुकली रजई कहकशांनं केव्हाच ओढून घेतली होती आणि ती तिच्यात गळ्यापर्यंत शिरून बसली होती. रिकामा पेला घेता घेता अतिया खिडकीकडे गेली आणि म्हणाली, ‘अब्बा, इकडे या. दिसते पाहा इथून.’

मागच्या खिडकीतून कापलेलं वावर दिसत होतं, मांडवाचे खांब दिसत होते, आणि त्यापलीकडे, वाटलं होतं त्याहून कितीतरी लहान, त्याचं स्वतःचं घर. गच्चीच्या कठड्यावर एक हिरवा ठिपका हलत होता.

‘तुमची लुंगी,’ अतिया म्हणाली. ‘फोन तं तुमच्या खिशात. मंग अम्मीनं सांगून ठेवलं, अब्बा बरे असले का लुंगी टाकते. मागं एक दिवस दुपारपर्यंत दिसली नाई, तं मी पायात चपला घालून दारात उभी होती. तेवढ्यात टाकली. ते बिल्डिंग झाली तं दिसणार नाई म्हणूनच तं मी काल मांडवात आली.’

हबीब खिडकीचे गज धरून उभा राहिला. त्याला त्या लुंगीची हातभर फाटलेली जागा इथूनसुद्धा दिसत होती, निदान तो पुढे सगळ्यांना तसंच सांगणार होता. पलीकडे गच्चीवर जुबैदा आली. तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ या बाजूला बघितलं. मग कठड्याशी गेली, हिरवी लुंगी उचलली, झटकली, चौपदरी घडी घातली, आणि घेऊन खाली गेली.